पदवी एका देशाची, परवाना दुसऱ्या देशाचा



सरत्या वर्षात एकाच आठवड्यात दोन प्रसंग घडले आणि त्यांनीच या लेखास निमित्त दिले. सोमवारच्या टपालात आपल्या परिचर्या विद्यालयात शिकून, पुढे सात वर्षे अतिदक्षता विभागात सेवा केलेल्या एका सिस्टरांचे पत्र आले. त्यांना ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करावयाची होती आणि त्यासाठी आपल्या रुग्णालयाकडून त्यांच्या सेवेच्या पडताळणीची कागदपत्रे हवी होती. त्याच गुरुवारी तालुक्याच्या गावाहून एक सेवानिवृत्त शिक्षक आपल्या मुलाला घेऊन भेटावयास आले. मुलगा मध्य आशियातील एका विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेऊन परतला होता. शिक्षक संकोचत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सहा वर्षं शिकला, पदवीचा कागद हातात आहे. पगार नाही दिला तरी चालेल, पण आपल्या बाह्यरुग्ण विभागात त्याला बसू द्या." त्यांना नकार देताना मनाला वाईट वाटले. परंतु नकाराखेरीज दुसरे उत्तर देणे शक्य नव्हते.

एक व्यक्ती येथून तिकडे निघालेली, दुसरी तिकडून येथे आलेली. आणि दोघांपुढे दार एकच, ते म्हणजे नव्या देशातील व्यवसायाच्या परवान्याचे. देणगीदार अनेकदा विचारतात, "आपण शिकवलेल्या सिस्टर परदेशी जातात, मग आपण शिकवायचे कशासाठी?" रुग्णांचे नातेवाईक विचारतात, "परदेशी शिकलेला डॉक्टर तर अधिक हुशार असला पाहिजे, त्याला अडवता कशाला?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे हा परवाना कसा मिळतो, हे समजल्यावाचून देता येत नाहीत. म्हणून हा विषय येथे थोड्या विस्ताराने मांडत आहोत.

पदवी आणि परवाना

पदवी विद्यापीठ देते. विद्यार्थ्याने अमुक इतके ज्ञान संपादन केले, एवढेच ती सांगते. परवाना मात्र त्या त्या देशाने कायद्याने नेमलेली परिषद देते. या व्यक्तीच्या हाती आमच्या देशातील रुग्णाचा जीव सोपविण्यास हरकत नाही, असे तो समाजाला सांगतो. पदवी शिकणाऱ्याची असते. परवाना ही रुग्णाला दिलेली ग्वाही असते. हा भेद ध्यानात ठेवला की पुढील सारी गुंतागुंत उलगडू लागते.

हा भेद फार प्राचीन नाही. ब्रिटनमध्ये १८५८ च्या कायद्याने वैद्यकांचे अधिकृत नोंदणीपुस्तक सुरू झाले आणि जनरल मेडिकल कौन्सिल अस्तित्वात आली. आपल्याकडे मुंबई इलाख्यात असा कायदा १९१२ साली झाला. त्यापूर्वी आनंदीबाई जोशी मार्च १८८६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन परतल्या, तेव्हा त्यांची परदेशी पदवी पडताळून पाहणारी कोणतीही परिषद येथे नव्हती. कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागासाठी नेमले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि ती सेवा घडू शकली नाही. आज त्या परतल्या असत्या, तर नेमणुकीच्या पत्रापूर्वी त्यांनाही नोंदणी करून घ्यावी लागली असती.

आपल्या पदव्यांनीही परक्या दाराशी मानापमान अनुभवले आहेत. ब्रिटनच्या परिषदेने १९३० साली भारतीय वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. प्रसूतिशास्त्राच्या शिक्षणाची प्रत, हा त्यातील वादाचा एक मुख्य मुद्दा होता. त्या आघातातून १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा आला आणि देशाला स्वतःची परिषद मिळाली. पुढे मान्यता पूर्ववत झाली. परंतु १९७५ साली ती पुन्हा गेली आणि त्याच वर्षी परदेशी डॉक्टरांसाठी ब्रिटनमध्ये भाषेची व वैद्यकीय ज्ञानाची परीक्षा सुरू झाली. आज 'प्लॅब' या नावाने ओळखली जाणारी परीक्षा ही तिचीच पुढची पायरी होय.

प्रत्येक परिषद विचारते ते पाच प्रश्न

देशोदेशींचे नियम वेगवेगळे दिसले, तरी त्यांच्या मुळाशी पाचच प्रश्न असतात. आपण सांगता तेच आपण आहात काय? आपण शिकलात ते पुरेसे आहे काय? आमच्या रुग्णाची भाषा आपणांस कळते काय? शिकलेले हाताने करून दाखवाल काय? आणि आजवर आपले वर्तन निष्कलंक आहे काय?

पहिला प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात तो सर्वांत महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये एका महिलेने न्यूझीलंडच्या विद्यापीठाची बनावट पदवी दाखवून १९९५ साली डॉक्टर म्हणून नोंदणी मिळविली आणि सुमारे दोन दशके मनोरुग्णांवर उपचार केले. त्या काळी राष्ट्रकुलातील काही देशांच्या पदवीधरांना परीक्षेवाचून नोंदणी मिळत असे. २०१८ साली हे प्रकरण उघड झाले, तेव्हा त्याच मार्गाने आलेल्या सुमारे तीन हजार डॉक्टरांची कागदपत्रे परिषदेला पुन्हा तपासावी लागली. २०२३ साली न्यायालयाने त्या महिलेस सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. म्हणूनच आता अर्जदाराने आणलेल्या प्रमाणपत्राच्या प्रतीवर कोणी विसंबत नाही. परिषदेने नेमलेली संस्था ज्या विद्यापीठाने ते दिले त्या विद्यापीठालाच थेट विचारते. यालाच मूळ स्रोताकडून पडताळणी म्हणतात. आखाती देशांतही हीच रीत आहे.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर 'गुड स्टँडिंग' प्रमाणपत्र देते. ज्या परिषदेकडे आधीची नोंदणी आहे, तिने अर्जदारावर शिस्तभंगाची कारवाई झालेली नाही, असे लिहून द्यावयाचे असते. आपल्या राज्यात डॉक्टरांसाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद आणि परिचारिकांच्या बाबतीत महाराष्ट्र परिचर्या परिषद अशी पत्रे देतात. मधल्या तीन प्रश्नांसाठी मात्र परीक्षा द्याव्या लागतात.

सिस्टरांचा प्रवास

आरंभी उल्लेखिलेल्या सिस्टरांचाच मार्ग पाहू. ब्रिटनमध्ये परिचारिकांची नोंदणी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल करते. प्रथम इंग्रजीची परीक्षा. 'आयईएलटीएस' परीक्षेत एकूण ७ गुण आणि लेखनात निदान ६.५ गुण हवेत; अथवा खास आरोग्यसेवकांसाठी असलेली 'ओईटी' ही परीक्षा द्यावी लागते. त्यानंतर संगणकावरील परीक्षा आपल्याच देशात देता येते. तिचे दोन भाग असतात. एकात औषधांच्या मात्रेचे, सलाइनच्या थेंबांचे हिशेब. दुसऱ्यात परिचर्येचे ज्ञान. ती उत्तीर्ण झाल्यावर ब्रिटनला जाऊन तेथील ठरावीक केंद्रात प्रात्यक्षिक परीक्षा द्यावयाची. तिला 'ऑस्की' म्हणतात.

या प्रात्यक्षिक परीक्षेत दहा ठाणी असतात. काही ठाण्यांवर रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती असते, काही ठिकाणी पुतळ्यावर कौशल्य दाखवावयाचे असते, तर काही ठिकाणी केवळ लिहावयाचे असते. रुग्णाची स्थिती समजून घेणे, सेवेचा आराखडा मांडणे, औषध देणे, हाती घेतलेल्या सेवेचा उपयोग झाला की नाही ते पाहणे, अशा क्रमाने परिचारिकेचे रोजचेच काम तेथे पाहिले जाते.

आमच्या सिस्टरांचा हात सलाइन लावण्यात इतका हलका की लहान मुलांची शीर सापडेनाशी झाली की दुसऱ्या वॉर्डातून त्यांना बोलावणे येई. तरीही सरावाच्या पहिल्या फेरीत त्या अनुत्तीर्ण ठरल्या. कारण काय? औषध देण्यापूर्वी त्यांनी रुग्णाचे नाव आणि जन्मतारीख विचारली नाही, मनगटावरच्या पट्टीशी ती ताडून पाहिली नाही आणि कशाची ॲलर्जी आहे का, हेही विचारले नाही. आपल्या वॉर्डात "सात नंबर बेडला इंजेक्शन द्या" असे म्हणण्याची पद्धत होती. सात नंबरचा रुग्ण आदल्या रात्री हलविला गेला असेल तर काय, हा प्रश्न त्या परीक्षेने विचारला. सिस्टरांनी फोनवर हे सांगितले, तेव्हा ऐकणाऱ्या आम्हां सर्वांनाच थोडे ओशाळल्यासारखे झाले. त्यानंतर आपल्या रुग्णालयात नावाची पट्टी बांधण्याचा आणि प्रत्येक मात्रेपूर्वी नाव विचारण्याचा नियम झाला. रुग्णांच्या नातेवाइकांना कधी कधी या प्रश्नाचा राग येतो. "दहा दिवस झाले, अजून नाव माहीत नाही का?" असे ते विचारतात. त्यांना विनंती की, हा प्रश्न अविश्वासापोटी विचारला जात नाही. तो आपल्याच माणसाच्या रक्षणासाठी आहे.

डॉक्टरांचा प्रवास

ब्रिटनमध्ये जाऊ इच्छिणाऱ्या भारतीय डॉक्टराची वाट याहून लांब आहे. येथील पदवी आणि बारा महिन्यांची आंतरवासिता, म्हणजेच इंटर्नशिप, पूर्ण असावी लागते. इंग्रजीत एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात निदान ७ गुण हवेत, किंवा 'ओईटी'मध्ये 'बी' श्रेणी. मग 'प्लॅब'चा पहिला भाग, म्हणजे तीन तासांत १८० बहुपर्यायी प्रश्न. तो भारतात देता येतो. दुसरा भाग मँचेस्टर येथेच होतो. त्यात सोळा प्रसंग असतात आणि प्रत्येकासाठी आठ मिनिटे मिळतात. २०२४ पासून ही परीक्षा ब्रिटनमधील स्वतःच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या नव्या परवाना-परीक्षेच्या आराखड्याशी जुळविण्यात आली आहे.

येथील उत्तम डॉक्टर तेथे अडखळतो, तो बहुधा ज्ञानाच्या उणिवेमुळे नव्हे. एक साधे उदाहरण घ्यावे. आपल्याकडे रक्तातील साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात. उपाशीपोटी १२६ आली की मधुमेहाची शंका घेतो. ब्रिटनमध्ये मोजमापच निराळे, तेथे हाच आकडा ७ असा लिहिला जातो. साखर १५ आहे असे आपल्याकडे कोणी म्हटले तर रुग्ण जिवंत कसा, असा प्रश्न पडेल. तेथे त्याचा अर्थ आपल्या मापाने २७० असा होतो. औषधांच्या नावांचेही तसेच. आपले आणि ब्रिटनचे पॅरासिटामोल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन होते, दम्याचे साल्ब्युटामोल अल्ब्युटेरॉल होते आणि ॲड्रिनॅलिनला एपिनेफ्रिन म्हणतात. तातडीच्या क्षणी नावाचा हा घोळ जिवावर बेतू शकतो.

याहून खोल फरक कुटुंबव्यवस्थेचा आहे. आपल्याकडे कर्करोगाचे निदान झाले की नातेवाईक डॉक्टरांना बाजूला घेतात आणि "बाबांना सांगू नका, ते खचून जातील" अशी विनवणी करतात. बहुतेक डॉक्टर ती मानतात. ब्रिटनमध्ये, रुग्ण शुद्धीवर आणि निर्णय घेण्यास समर्थ असेल, तर आजाराची माहिती प्रथम त्याची असते. त्याच्या संमतीवाचून ती मुलालाही सांगणे हा व्यवसायनियमांचा भंग होतो. 'प्लॅब'च्या दुसऱ्या भागात असे प्रसंग हमखास येतात. कोणती पद्धत अधिक मायेची, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु ज्या समाजात सेवा करावयाची, त्या समाजाने रुग्णाला दिलेले हक्क डॉक्टराला ठाऊक असलेच पाहिजेत, एवढे खरे.

अमेरिकेची रीत आणखी वेगळी आहे. परदेशी पदवीधरांची छाननी करणारी 'ईसीएफएमजी' ही संस्था १९५६ पासून कार्यरत आहे. तिचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी 'यूएसएमएलई' परीक्षेचे पहिले दोन टप्पे आणि इंग्रजी संभाषणाची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. पहिल्या टप्प्याचा निकाल २०२२ पासून गुणांत न देता केवळ उत्तीर्ण अथवा अनुत्तीर्ण असा दिला जातो. महाविद्यालयाची मान्यताही तपासली जाते. भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची दहा वर्षांसाठी मान्यता मिळाली, ही येथील पदवीधरांच्या दृष्टीने मोलाची गोष्ट ठरली. मात्र हे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. त्यानंतर देशव्यापी निवड-प्रक्रियेतून एखाद्या रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून जागा मिळवावी लागते, तेथे काही वर्षे वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करावे लागते, परीक्षेचा तिसरा टप्पा द्यावा लागतो आणि अखेरीस त्या त्या राज्याचे मंडळ परवाना देते. येथे पंधरा वर्षे शस्त्रक्रिया केलेल्या माणसालाही बहुधा पुन्हा निवासी डॉक्टर व्हावे लागते. २०२३ साली टेनेसी राज्याने अनुभवी परदेशी डॉक्टरांसाठी या नियमात सवलत देणारा कायदा केला आणि नंतर इतरही काही राज्ये त्या वाटेने गेली.

परवाना मिळाला, पुढे काय?

परवाना आणि नोकरी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही पालकांनी लक्षात ठेवावे. एप्रिल २००६ मध्ये ब्रिटनने परदेशी डॉक्टरांना प्रशिक्षणाच्या जागांसाठी असलेली काम-परवान्यातील सूट अचानक काढून घेतली. 'प्लॅब' उत्तीर्ण होऊन नोंदणी झालेले अनेक भारतीय डॉक्टर, कर्ज काढून तेथे गेलेले, हातात परवाना असूनही रिकामे राहिले. भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली. २००८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने शासनाच्या आरोग्य विभागाची त्याबाबतची मार्गदर्शक सूचना बेकायदा ठरविली. न्याय मिळाला, परंतु तोवर कित्येकांची उमेदीची दोन वर्षे निघून गेली होती.

शिवाय परवाना एकदा मिळाला की आयुष्यभराची निश्चिंती, असेही नसते. ब्रिटनमध्ये डॉक्टरांना दर पाच वर्षांनी आणि परिचारिकांना दर तीन वर्षांनी आपली पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागते. आपल्या राज्यातही वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते आणि त्यासाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे तास भरावे लागतात. आपल्या रुग्णालयातील सायंकालीन व्याख्याने त्याचसाठी असतात.

परदेशातून परतणाऱ्यांसाठी

आता त्या शिक्षकांच्या मुलाकडे वळू. परदेशी वैद्यकीय पदवी घेऊन परतलेल्या भारतीय नागरिकांसाठी आपल्या देशात २००२ पासून चाळणी परीक्षा आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती वर्षातून दोनदा घेते. १५० प्रश्नांच्या दोन प्रश्नपत्रिका, एकूण ३०० गुण, आणि उत्तीर्ण होण्यास १५० गुण हवेत. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत. तरीही अलीकडच्या वर्षांत उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या निम्म्याहून बरीच कमी राहिली आहे. परीक्षेस मिळणाऱ्या या अपयशाचा अर्थ मुले मंदबुद्धी आहेत, असा नव्हे. अनेकांना रुग्णाशी बोलण्याइतकी तेथील स्थानिक भाषा आली नाही, म्हणून वॉर्डात उभे राहूनही रुग्ण वाचता आला नाही. पुस्तक वाचले, खाट वाचली नाही.

ही उणीव ओळखूनच नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे विनियम लागू केले. मुलांना बाहेर पाठवू इच्छिणाऱ्या पालकांनी त्यांतील अटी आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी वाचाव्यात. अभ्यासक्रम निदान ५४ महिन्यांचा असावा. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असावे. त्याच संस्थेत बारा महिन्यांची आंतरवासिता झालेली असावी. ती पदवी घेतलेल्यास त्या देशात, तेथील नागरिकाप्रमाणेच, व्यवसायाचा परवाना मिळण्याजोगा असावा. भारतात परतल्यावर पुन्हा बारा महिने देखरेखीखाली आंतरवासिता करावी लागते. हे सारे प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत पुरे व्हावे लागते. याखेरीज परदेशी प्रवेशासाठीही 'नीट' परीक्षेतील पात्रता २०१८ पासून अनिवार्य आहे. ज्यांनी या विनियमांपूर्वी प्रवेश घेतला त्यांना आधीचे नियम लागू आहेत. दलालाच्या माहितीपत्रकातील "मान्यताप्राप्त" या शब्दावर विसंबू नये. मान्यता कोणाची, कशासाठी आणि कोणत्या वर्षीच्या नियमाने, हे तीन प्रश्न विचारावेत.

त्या मुलाला आम्ही बाह्यरुग्ण विभागात बसू दिले नाही. नोंदणीवाचून औषध लिहून देणे हा गुन्हा आहे. आणि पगार न घेतल्याने तो गुन्हा नाहीसा होत नाही, उलट ज्या गरीब रुग्णाला दुसरा दरवाजा नाही त्याच्यावर तो अन्याय होतो. धर्मादाय रुग्णालयात उपचार विनामूल्य असू शकतात. उपचार करणाऱ्याची पात्रता मात्र सवलतीची असू शकत नाही. तथापि आपल्या ग्रंथालयाचे दार त्याला उघडे करून दिले. दुपारी तो तेथे अभ्यास करतो. आपले ज्येष्ठ डॉक्टर आठवड्यातून दोन सायंकाळी, रुग्णाचे नावगाव न सांगता, त्याच्याशी आजारांच्या कहाण्यांची चर्चा करतात. पहिल्या प्रयत्नात त्याला यश आले नाही. तो पुन्हा बसणार आहे.

आपल्या रुग्णालयाचा यात काय संबंध?

येथे एक कबुली देणे आमचे कर्तव्य आहे. सिस्टरांच्या पडताळणीचे उत्तर आपल्याकडून वेळेवर गेले नाही. त्यांच्या काळातील काही हजेरीपत्रके व प्रात्यक्षिकांच्या तासांच्या नोंदी जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यावर गठ्ठ्यांत पडून होत्या. काही गठ्ठ्यांना वाळवी लागली होती. शोधाशोधीत आठवडे गेले, मग सहीसाठी कागद अडला. दरम्यान त्यांच्या इंग्रजी परीक्षेच्या निकालाची मुदत संपली आणि ती परीक्षा त्यांना पुन्हा द्यावी लागली. फी गेली, महिने गेले. त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. परंतु ज्या संस्थेने त्यांना शिकवले तिच्याच कपाटाने त्यांना अडवून ठेवले, ही गोष्ट आम्हांस लागून राहिली आहे. यंदा विद्यार्थिनींच्या सर्व नोंदी क्रमवार लावून संगणकावर घेण्याचे काम सुरू केले आहे, आणि पडताळणीच्या पत्राला पंधरा दिवसांच्या आत उत्तर जाईल, असा नियम केला आहे. हे काम दिसण्यात मोठे नाही. नव्या यंत्राप्रमाणे त्याचे उद्घाटन होत नाही. पण ज्या देणगीदारांनी या कामासाठी साहाय्य केले, त्यांनी एखाद्या मुलीच्या आयुष्यातील एक वर्ष वाचविले आहे, असे आम्ही मानतो.

राहिला तो प्रश्न: शिकवलेल्या सिस्टर जाणारच, तर शिकवायचे कशासाठी? त्यांच्या जाण्याने रात्रपाळी अडते, नव्यांना तयार करण्यास वेळ लागतो, हे आम्ही नाकारीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१० मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेतही हेच तणाव मान्य केले आहेत. श्रीमंत देशांनी मनुष्यबळाची टंचाई असलेल्या देशांतून आक्रमकपणे भरती करू नये, असे ती सांगते. त्याच वेळी आरोग्यसेवकाला आपले आयुष्य घडविण्यासाठी स्थलांतर करण्याचे स्वातंत्र्यही ती मान्य करते. आपल्याकडे शिकणाऱ्या मुली बहुतांशी शेतकरी आणि मजूर कुटुंबांतील आहेत. त्यांना बंधपत्राने जखडून ठेवणे हा एक उपाय. येथेच राहावेसे वाटेल असे वेतन, निवास आणि मान देणे हा दुसरा. विश्वस्त मंडळाने दुसरा उपाय निवडला आहे. तो खर्चिक आहे आणि म्हणूनच आपल्या साहाय्याची आवश्यकता आहे.

आणि ज्या जातात, त्या सर्वस्वी जात नाहीत. मनगटावरची नावाची पट्टी आपल्या वॉर्डात एका गेलेल्या सिस्टरांनी आणली. परक्या देशाने त्यांना जो प्रश्न विचारला, तो त्यांनी आपल्यालाही विचारला, आणि त्या उत्तराचा लाभ आज आपल्या प्रत्येक खाटेवरच्या रुग्णाला होत आहे. सिस्टर गेल्या पावसाळ्यात प्रात्यक्षिक परीक्षा उत्तीर्ण झाल्या. त्यांचे नाव आता दोन देशांच्या नोंदणीपुस्तकांत आहे, आणि त्यांपैकी पहिली नोंद येथील आहे.

रुग्णांच्या आप्तांना शेवटी एकच सांगणे. आपल्या माणसावर उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारणे हा आपला हक्क आहे. तो विचारण्यात संकोच बाळगू नये आणि आम्हीही त्याचा राग मानणार नाही. त्या क्रमांकामागे कोणाच्या तरी जागून काढलेल्या रात्री, परक्या भाषेतील परीक्षा आणि पुन्हा पुन्हा सिद्ध केलेली पात्रता असते. तो क्रमांक डॉक्टरांच्या नावापुढे लिहिलेला असला, तरी तो असतो रुग्णासाठी.



वैद्यकीय अधीक्षक